दिवेलागणीची रेंज

आण्णा,

आधी कामाचं सांगते. बोटीवरची बॅटरी उतरवून देवगडला बाबलच्या पडवीत ठेवली आहे. टपावरचं सोलर पॅनेल पुसलं आणि झाकलं. शीड वाळवून गुंडाळलं. डोलकाठीवरच्या राउटरच्या डब्यात पाण्याचा थेंब नाही. तो डबा मी बसवलाय, त्यामुळे नसणारच होता.

आता बाकीचं.

तू गेलास तो सकाळी, कसबा बावड्यात, आपल्या स्वयंपाकघराच्या दारात. "साखर कमी पडलीया गं," एवढं म्हणालास आणि बसल्यासारखा खाली गेलास. डॉक्टर म्हणाले, त्रास झाला नसणार. मी तुझ्या खिशातून मोबाईल काढला तेव्हा त्यावर घरच्या वाय-फायच्या सगळ्या रेषा भरलेल्या होत्या. इतकी वर्षं मी तुझ्यामागे समुद्रावर तारा ओढत फिरले. देवगडपासून मालवणपर्यंत कुठं टॉवर आहे, कुठल्या डोंगराआड गेलास की फोन मुका होतो, हे मला गाडीच्या रस्त्यासारखं पाठ झालं. त्या समुद्रानं तुझ्या केसालाही धक्का लावला नाही. तू गेलास भरल्या रेंजमध्ये. मला ह्याचा राग आला. तो अजून गेलेला नाही, आणि कुणावर काढायचा हे मला कळत नाही. म्हणून तुलाच सांगते.

लोक भेटायला आले ते तुझ्या कारखान्याबद्दल चांगलं बोलले, लेथवरच्या हाताबद्दल बोलले. बोटीचा विषय निघाला की जरा खाकरायचे. आपल्या गावात माणूस ट्रॅक्टर घेतो, म्हैस घेतो, फार तर कुस्तीचं मैदान भरवतो. कोल्हापुरात बसून शिडाची बोट बांधणारा तूच पहिला. शेडमध्ये तू तिचा सांगाडा पालथा घालून फायबरचे थर चढवत होतास, तेव्हा येणारा जाणारा दारात थांबायचा. शेजारच्या शेडमधला तो एक रोज विचारायचा, "आण्णा, गुऱ्हाळाची काहील करायलायस काय?"

"व्हय. गूळ झाला की तुला पयला चाटवतो."

"लांबडी कशापायी मग?"

"ऊस लांबडा असतोय न्हवं?"

आणि तू तोंड न हलवता पॉलिशपेपर मारत राहायचास. बोट ट्रकवर चढवून गगनबावड्याच्या घाटातून खाली उतरवलीस त्या दिवशी तोच माणूस पुढं मोटारसायकलवर, वळणावळणावर समोरच्या गाड्या थांबवत होता. बोटीचं नाव तू 'मळा' ठेवलंस. का, म्हणून विचारलं तर म्हणालास, कुणाचा फोन आला तर खोटं नको बोलायला, मळ्यात हाय म्हणून सांगता येतंय. मी म्हणाले, हा पोरकटपणा आहे. अजून तसंच म्हणते.

इंटरनेटचं लचांड मात्र तुझं नव्हतं आणि माझंही नव्हतं. ते आईचं. तू तिला सांगितलंस की आता चार-चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं जाणार, रात्री खाडीत नांगर टाकून बोटीतच झोपणार. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि मागं न बघता म्हणाली, "जा की. पर दिवा लावायच्या टायमाला माझ्या घरातली माणसं माझ्या डोळ्याम्होरं पायजेत. आजवर तसंच झालंय. ते जमत असंल तर जा."

"आई, फोन करीन की."

"आवाज नगं. तोंड पायजे."

तू माझ्याकडं बघितलंस. मी दुकान बंद करून नुकतीच आले होते. माझा धंदाच तो: मळ्यातल्या मोटारींना मोबाईल स्टार्टर बसवायचे, दूध डेअऱ्यांना नेट द्यायचं, शेतातल्या घरांवर कॅमेरे लावायचे. बिद्रीकडं ऊस पुरुषभर वाढला की मळ्यातल्या घरात रेंज येत नाही. तिथं पाईप उभा करून, टॉवरकडं तोंड करून मी किती अँटेना लावल्या असतील. मी म्हणाले, "त्यात काय? बोट म्हणजे पाण्यातला मळाच की."

"शिकली गं माझी बहीण," तू म्हणालास.

मी काम नीट केलं, आण्णा. तू कबूल केलंच होतंस. वायर लांब झाली की सिग्नल वाटेतच मरतो, म्हणून राउटर खाली केबिनमध्ये न ठेवता डोलकाठीवर, अँटेनाच्या अगदी बुडाशी, पाणबंद डब्यात बसवला. खाली आली ती एकच बारीक केबल. तू कटकट केलीस, "वर वजन नगं, बोट डुलती." मग स्वतःच लेथवर स्टीलचा हलका क्लॅम्प कातून आणलास, इतका सुबक की मी तो दुकानातल्या पोरांना दाखवायला एक दिवस ठेवून घेतला. दोन कंपन्यांची दोन सिमं घातली, कारण एकीचा टॉवर असतो तिथं दुसरीचा नसतो. जोडावर खाऱ्या हवेनं गंज चढू नये म्हणून रबरी टेपचे थर दिले. आणि सगळ्यात वर, जुन्या टीव्हीला असायची तशी, माशाच्या काट्यासारखी अँटेना लावली. तिचं तोंड बोटीच्या नाळेकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं केलं, कारण बोट धक्क्याला बांधलेली होती, नाळ गावाकडं होती आणि टॉवर गावामागच्या डोंगरावर होता. सिग्नल असा आला की दुकानात येत नाही तसा.

तिथूनच आईला पहिला व्हिडिओ कॉल लावला. तिनं मोबाईल देवघराच्या कठड्याला टेकवला होता. आधी तिचं कपाळ दिसलं, मग छत, मग ती.

"मागं काय हालतंय रं त्ये?"

"समुद्र हाय आई."

"एवढं पाणी? आणि आमच्या नळाला दिवसाआड." मग तुझ्याकडं निरखून बघितलं. "दिवा लावला मी. तुझा लावलास का?"

तू इकडंतिकडं बघितलंस. मग डोक्यात आलं. नांगर टाकलेल्या बोटीनं रात्री डोलकाठीवर पांढरा दिवा ठेवायचा असतो, नाहीतर दुसरी बोट येऊन धडकते. तू हात लांब करून बटण दाबलंस. "लावला आई."

"मग झालं. जेवून घे."

त्या दिवसापासून रोज हेच बोलणं. आचऱ्याला असलास, विजयदुर्गला असलास, मालवणच्या बाहेर असलास, सांजवेळी फोन वाजायचाच. एकदाही चुकला नाही. तुझ्यामागं आभाळ तांबडं झालेलं असायचं, सूर्य पाण्याला टेकलेला. आई शेजारणीला सांगायची, "आमच्या आण्णाच्या पाठीमागं रोज दिवस बुडतोय बघ." शेजारीण म्हणायची, "मावशी, दिवस सगळ्यांच्याच पाठीमागं बुडतोय." "न्हाय, ह्याच्या बरोब्बर पाठीमागं."

मीही बघायची. बघून कौतुक करायची ते माझ्या कामाचं. डेअरीवाले नेटबद्दल कुरकुर करायला लागले की मी त्यांना ऐकवायची, "समुद्रात नांगरलेल्या बोटीवर माझं नेट एक दिवस बंद पडलेलं नाही. तुमची डेअरी तर हलतसुद्धा नाही."

आपलं भांडण व्हायचं ते दुसऱ्याच गोष्टीवरून. आईचा फोन झाला की तू राउटर बंद करायचास. माझ्या मोबाईलवर तुझ्या राउटरचा हिरवा ठिपका दिसतो. फोन संपला, ठिपका राखाडी. मी तुला किती वेळा सांगितलं की बॅटरीला काही होत नाही, चालू ठेव, रात्री-अपरात्री वाऱ्याचा इशारा आला तर कळेल, आणि ठिपका हिरवा दिसला की मलाही झोप लागेल. तू म्हणायचास, "आईला तोंड दावलं, संपलं. बाकीच्या टायमाला मी न्हाय."

"न्हाय म्हणजे? कुठं जातोस?"

"रेंज संपती तितनं म्होरं."

"तिथं काय आहे एवढं?"

"ये की बघायला. तू फकस्त तारा वढायला येतीस आणि धक्क्यावरनंच म्हागारी जातीस. एकदा शीड वढायला ये."

"रविवारी दुकानात गर्दी असते."

"मंगळवारी ये."

"मंगळवारी माल येतो."

"मग दुकानच घाल बोटीवर."

हा वाद आपण शेवटच्या आठवड्यातसुद्धा घातला. राउटर चालू ठेवण्याबद्दल माझंच बरोबर आहे. तू नाहीस म्हणून मी माझं म्हणणं मागं घेणार नाही.

तेराव्यानंतरची गोष्ट सांगते. पाहुणे गेले. घरात मी आणि आई. तिन्हीसांजेला तिनं दिवा लावला, नमस्कार केला, आणि मोबाईल उचलून कठड्याला टेकवला. मग समोर पाटावर बसून राहिली. मी भांडी आवरत होते. जरा वेळानं मी म्हणाले, "आई, आता कुणाचा येणार फोन?"

"ठावं हाय मला. म्हातारी झाले, खुळी न्हाय झाले," ती म्हणाली. "बसायची सवय हाय न्हवं."

दुसऱ्या दिवशीही बसली. तिसऱ्या दिवशीही. पाऊण घटका बसायची, मग मोबाईल पालथा घालून उठायची. जेवण अर्ध्यावर आलं. मी तिला टीव्ही लावून दिला, तो तिनं बंद केला. मी गावाकडच्या मावशीला त्या वेळी फोन करायला सांगितलं. आईनं तिला दोन वाक्यांत वाटेला लावलं. दिवा विझेल इतकं तेल कमी घातल्यासारखी ती रोज थोडी थोडी बारीक होताना मला दिसत होती, आणि ही गोष्ट दुरुस्त कशी करायची ते मला येत नव्हतं. मला बहुतेक गोष्टी दुरुस्त करता येतात, आण्णा.

त्यातच बाबलचा फोन आला. एसटीतून निवृत्त झालेला हा तुझा जोडीदार, वल्हवण्यात तुझा गुरू आणि जेवणात तुझा प्रतिस्पर्धी. म्हणाला, गोव्याकडचा एकजण बोट बघून गेलाय, त्याला हवी आहे. मी म्हणाले, देऊन टाकू. कुणी चालवणारं नाही, नुसती पाण्यात ठेवून तिला शेवाळ चढणार. अँटेना, राउटर आणि सिमं तेवढी मी काढून नेते. आणि त्या रविवारी मी दुकान बंद ठेवलं. हो, रविवारी. ऐकलंस ते बरोबर ऐकलंस.

दुपार कलताना देवगडला पोचले. बाबलनं होडीतून बोटीपर्यंत नेलं. खाडीच्या तोंडाशी, एका नांगरावर ती एकटीच उभी होती. धक्क्यापासून सुटलेली ती मी पहिल्यांदाच बघत होते. काढायच्या आधी वस्तू चालू आहे का ते बघायचं, हा माझा नियम. राउटर लावला. रेषा भरल्या. ठिपका माझ्या मोबाईलवर हिरवा झाला, आणि मी उगाच दुसरीकडं बघितलं.

आवराआवर करता करता सांज झाली. घरी आई आता मोबाईल टेकवून बसली असेल, हे मनात आलं. म्हटलं, काढायचंच आहे तर शेवटचा एक फोन इथून लावू.

तिनं लगेच उचलला. "कोण?" म्हणाली. चेहरा दिसला, हलला, आणि तसाच गोठला. फोन तुटला. पुन्हा लावला. लागला, तुटला. मोबाईलवरूनच सिमं बदलून बघितली. खालच्या केबलचे जोड चाचपले. सगळं जागच्या जागी. आणि मग मी वर बघितलं.

माशाच्या काट्याचं तोंड उघड्या समुद्राकडं होतं.

भरती लागली होती, वाराही समुद्रावरनं सुटला होता, आणि बोट नांगराभोवती सावकाश अख्खी फिरली होती. गाव, डोंगर, टॉवर, सगळं माझ्या पाठीमागं गेलं होतं. मला समजावून सांगायला कुणी लागलं नाही, आण्णा. बिद्रीचा मळा फिरत नाही. डेअरी फिरत नाही. मी आयुष्यात आपणहून फिरणाऱ्या वस्तूवर अँटेना लावलेली नव्हती, आणि बोटीवर कुठलीही लावली असती तरी चालली असती, एका दिशेला बघणारी ही सोडून. धक्क्याला दोन्हीकडून बांधलेल्या बोटीवर चाचणी घेऊन मी घरी गेले होते.

मग इतकी वर्षं रोज फोन लागत कसा होता?

बाबल मागच्या टोकाला बसून विडी ओढत होता. मी विचारलं. तो म्हणाला, "तो दुसरो नांगर घाली, म्हणान."

"दुसरा कशाला?"

"पुढची दोरी सैल सोडी. दुसरो नांगर होडयेत घेवन समुद्राच्या बाजूक जाय, थंय टाकी, आणि तेची दोरी बोटीच्या पाठसून बांधून ताणी. बोटीचा त्वांड गावाकडे घट्ट. मगे आवशीक फोन. फोन झालो काय परत तो नांगर काढी."

"रोज?"

"रोज. कधी तापान आंग भरलेला आसला तरी."

"मला का नाही सांगितलं?"

"मियां म्हटलंय तेका. बहिणीक सांग, ती बदलून देतली." बाबल हसला. आणि मग त्यानं तुझी नक्कल केली, तुझा आवाज, तुझी मान: "'तिनं समद्या डेअऱ्यांत सांगितलंय बाबल, समुद्रात चालतंय म्हणून. चालतंय न्हवं? मग झालं तर.'"

मी खाली बसले. सूर्य पाण्याकडं उतरायला लागला होता. तुझ्या बरोब्बर पाठीमागं बुडायचा तो हाच. टॉवर कुठल्याही गावाचा असो, असणार जमिनीकडंच. म्हणजे नाळ रोज जमिनीकडं, घाटाकडं, आपल्याकडं, आणि तुझी पाठ रोज मावळतीला. मोकळ्या नांगरावरच्या बोटीत एक दिवस मागं डोंगर दिसला असता, एक दिवस खाडी, एक दिवस धक्का. आईला ते दिसलं होतं. तिला अँटेना माहीत नाही, पण तुझ्यामागं रोज तेच दिसतं, हे तिनं पकडलं होतं. मी ते बघत होते आणि माझ्या कामाला शाबासकी देत होते.

मला तुझा भयंकर राग आला. आणि त्या रागातच मला इतकं हसू आलं की बाबलनं विडी टाकली आणि पाण्याची बाटली पुढं केली.

"बाबल, तो दुसरा नांगर कुठाय?" मी म्हणाले.

तुझा नांगर जड आहे. होडीत चढवताना माझ्या पायावर येता येता राहिला. बाबलनं वल्हवलं, मी टाकला, परत येऊन दोघांनी दोरी ओढली. आधी वाटलं, ही बाई जागची हलणार नाही. मग मागचं टोक समुद्राकडं सरकायला लागलं आणि नाळ एखादी म्हैस मान वळवते तशी गावाकडं वळली. काट्याचं तोंड डोंगरावर आलं. रेषा भरल्या. माझे तळहात सोलपटले होते. दोन मिनिटांच्या बोलण्यासाठी तू हे रोज करत होतास, आण्णा, आणि फोनवर यायचास तो असा, जणू आत्ताच झोपेतून उठलायस.

फोन लावला. आई अजून पाटावरच होती.

"तू हायस व्हय? कुठं हायस?"

"मळ्यात आहे आई."

ती मोबाईलकडं वाकली. मग म्हणाली, "जरा बाजूला सरक."

मी सरकले. माझ्या जागी आता नुसतं पाणी आणि अर्धा बुडालेला सूर्य. ती बघत राहिली. चित्र हललं नाही, तुटलं नाही. बाबलनं दोरी पायाखाली दाबून धरली होती, गरज नसताना.

"हितंच बसायचा न्हवं त्यो?"

"व्हय."

"कोण घेणार हाय म्हणं बोट."

"बघून गेलाय एकजण."

"त्याची आई हाय काय?"

"ते कसं कळणार मला?"

"मग कशाला देतीस?" ती म्हणाली. मग दिव्याची वात जरा पुढं सारली. "माझा लावलाय मी. तुझा लावलास का?"

बटण मला शोधावं लागलं. तुझ्या हाताला ते न बघता सापडायचं. मी दाबलं. वर पांढरा दिवा लागला.

"लावला आई."

"मग झालं. जेवून घे. बाबलला बी सांग."

त्या रात्री ती किती जेवली हे मी सोमवारी शेजारणीकडून काढलं. पोटभर.

गोव्याच्या माणसाला मी नाही म्हणून कळवलं. त्याला वाईट वाटलं, त्याला इलाज नाही. मी दर रविवारी खाली जाणार आहे. माझा पहिला धडा येत्या रविवारी. बाबल मला शीड ओढायला शिकवणार आहे, तोवर त्यानं ते माझ्या हातानं गुंडाळून ठेवायला लावलं. तू म्हणायचास ये, ये. येतेय. उशीर झाला, हे तुझ्या तोंडून ऐकायला मला आवडलं असतं. रेंज संपते तिथून पुढं काय आहे ते तू कधीच सांगितलं नाहीस. बघेन आणि मग आपण भांडू.

राहिली अँटेना. ती मी परत जाऊन बदलली. चुकीचं काम कळल्यावर मी तसंच ठेवत नाही, हे तुला माहीत आहे; तू सांगितलं नाहीस तेही त्यामुळंच. आता डोलकाठीवर सगळ्या बाजूंनी ऐकणारी गोल काठी आहे. बोट कशीही फिरली तरी फोन लागतो. दुसऱ्या नांगराची गरज नाही. तरी मी तो बोटीतून उतरवलेला नाही.

तुझा लेथवरचा क्लॅम्प नव्या काठीलाही बरोबर बसला.

जुनी, माशाच्या काट्याची, मी घरी आणली आणि आपल्या गच्चीवर लावली आहे, तोंड घाटापलीकडं, देवगडाकडं करून. आई खाली उभी राहून बघत होती. म्हणाली, तोंड तिकडं कशाला केलंस? मी तिला सांगितलं, पश्चिमेकडं टॉवर आहे, म्हणून.